खांद्याएवढी जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि भारी शब्द मला येत नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा आठवीतच सुटली. पण घडलं ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, कारण बोलायला गेलो की मला राग येतो आणि राग आला की माझी जीभ अडखळते.

मी फोटो छापण्याच्या दुकानात काम करतो. वर्षाखेरची सुट्टी जवळ आली की लोक सगळ्या घराचा एकत्र फोटो काढून घेतात, त्याची कार्डं छापतात आणि लांबच्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवतात. कार्ड सुट्टीच्या आधी पोचलं तरच त्याला मान. नंतर पोचलेल्या कार्डाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून पोस्टाची शेवटची तारीख आमच्या काउंटरमागे लाल अक्षरांत लिहिलेली असते, आणि तरी निम्मं गाव आदल्या दिवशी धापा टाकत येतं.

या कामातली एक पद्धत सांगायला हवी. घरातलं कोणी लांब असेल, तर फोटो काढताना आम्ही त्याच्यासाठी जागा सोडायला सांगतो. दोन्ही बाजूंच्या माणसांनी जरा सरकायचं, खांद्याएवढी जागा मोकळी ठेवायची, आणि ज्याचा हात खांद्यावर ठेवायचा असेल त्याने तो तसाच हवेत धरायचा. मग त्या लांबच्या माणसाने आपला फोटो धाडला की मी तो त्या जागेत बसवतो, उजेड आणि सावली जुळवतो, आणि कार्डावर अख्खं घर एकत्र दिसतं. असली कित्येक घरं मी जमवून दिली आहेत.

आमच्या घरचंही कार्ड दरवर्षी निघतं. आई, दादा, वहिनी आणि त्यांची लेक चिमी घरासमोरच्या पायऱ्यांवर उभी राहतात आणि फोटो मी काढतो. आई आणि दादा यांच्यामध्ये खांद्याएवढी जागा सोडलेली असते. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण घरात आणखी आहे कोण? मी मनात म्हणायचो, सवडीने मी स्वतःला तिथे बसवीन. पण सुट्टीच्या तोंडावर दुकानात मान वर करायला फुरसत नसायची, सगळ्या गावाची कार्डं छापून झाल्यावर आमची निघायची, आणि दादा म्हणायचा, "राहू दे आता तुझं, तारीख निघून जाईल." मग ती जागा तशीच रिकामी ठेवून कार्डं जायची. नातेवाइकांचे फोन यायचे, चिमी किती उंच झाली, आईची तब्येत कशी छान दिसते. धाकटा कुठे आहे, हे आजवर एकानेही विचारलं नाही. हा राग मी किती वर्षं गिळला ते माझं मला माहीत.

यंदा मी ठरवलं की गर्दी सुरू व्हायच्या आधीच फोटो काढायचा, आणि त्यात मी असायचं. रविवारी दुपारी दुकानातली तिकाटणी आणली, कॅमेरा तिच्यावर लावला आणि सगळ्यांना पायऱ्यांवर बोलावलं.

"यंदा मी पण उभा राहणार," मी म्हणालो.

"अगंबाई, भावजींना फोटोत यायचंय!" वहिनी हसल्या. "मग डोक्यावरून फणी तरी फिरवा. झाडू दिसतोय नुसता."

"आणि बटण कोण दाबणार?" दादा म्हणाला. "समोरच्यांचं मांजर?"

"आपोआप दाबलं जातं."

"आपोआप म्हणजे आपली सगळ्यांची मुंडकी उडणार, एवढं नक्की."

मीही हसलो. बटण दाबलं, पळत गेलो आणि आई आणि दादाच्या मधल्या जागेत शिरलो.

"तिथे नको रे," आई लगेच म्हणाली. "तू इकडे ये, चिमीच्या बाजूला."

"का? इथे जागा आहे की."

"जागा आहे म्हणूनच म्हणते." मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असावं अशा सुरात ती बोलली.

"कोणासाठी आहे?"

समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. दादा चेहऱ्यावरचं हसू न मोडता दातांतून म्हणाला, "टोकाला जा म्हणतोय ना. सांगितलेलं ऐक." माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी पाय घट्ट रोवले, दोघांना कोपरांनी थोडं सरकवलं आणि समोर बघितलं. फोटो निघाला. आई लगेच आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तो मोठा करून बघितला. फोटो चांगला आला होता. वर्षानुवर्षं फोटोत ताटकळल्यासारखी दिसणारी आई यंदा मनापासून हसत होती. दादाचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्याने ठेवल्याचं मला आठवत नव्हतं, पण बरं वाटलं.

मालक मागून येऊन वाकले. "अरे वा, यंदा सगळे जमले म्हणायचे! पण तू पुन्हा बाहेरच?"

"हा काय मी."

त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. "चेष्टा करतोस होय म्हाताऱ्याची? भाऊ असेल तुझा, तोंडवळा तोच आहे. पण तू नाहीस."

"शर्ट माझा आहे, मालक."

"शर्ट असेल रे. त्याला घालायला दिला असशील."

ते हसत पुढे गेले आणि मी बघत बसलो. नाक माझं होतं, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूणही होती. पण मी फोटोत अंग चोरून उभा राहतो, फोटोतच कशाला, कुठेही तसाच उभा राहतो. हा तसा नव्हता. ज्याची सगळ्यांनी वाट बघितली आहे आणि ज्याला ते ठाऊक आहे, असा तो ऐसपैस उभा होता. मला त्याचा संताप आला. त्या संतापातच मी सगळी कार्डं छापली, कापली आणि कोऱ्या पाकिटांसकट घरी घेऊन गेलो.

आईने कार्ड खिडकीपाशी उजेडात धरलं. "आला गं, सूनबाई," ती वहिनींना म्हणाली. "आला एकदाचा." तिने बोटाने त्याचा चेहरा कुरवाळला, माझा, त्याचा, मला नीट लिहिता येत नाही.

"आई, तो मी आहे."

तिने माझ्याकडे मायेनेच बघितलं, पण दुसऱ्याच्या लेकराकडे बघावं तसं. "हो रे. तू काढलास ना? फार छान काढलास."

दादा टेबलाशी बसून पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "कोण आहे तो, दादा?"

"तू तिथे उभा राहायला नको होतंस," तो मान वर न करता म्हणाला.

"का नको होतं?"

"टोकाला ये म्हणून दोघं सांगत होतो. ऐकायचं होतंस." त्याच्या आवाजात राग असता तर मला चाललं असतं. पण तिथे नुसती कीव होती.

मग मी ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या मोठ्याने ओरडलो, खुर्चीला लाथ मारली, माझ्या कमाईवर निम्मं घर चालतं ते काढलं, मी शाळा का सोडली तेही काढलं. कोणी मला गप्प केलं नाही. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस आरडाओरडा करत असला की आपण खाली बघतो आणि तो पुढे जायची वाट पाहतो, तसे सगळे खाली बघत राहिले. चिमीने कानांवर हात ठेवले होते. मी कार्डांचा गठ्ठा फाडायला म्हणून उचलला, पण वरच्याच कार्डावर आई हसत होती. तशी हसताना मी तिला याआधी बघितलं नव्हतं. ते माझ्याने फाडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी कार्डं पोस्टात टाकली. तारखेच्या कितीतरी आधी, आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच. दुकान उघडायला अवकाश होता, म्हणून चहा प्यायला घरी परतलो. दार आतून लावलेलं होतं. मी घंटी वाजवली. चिमीने दार उघडलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडली, "आजी, फोटोवाले काका आलेत!"

"बसव त्यांना, आलेच," आईचा आवाज आला. आत दादा कशाला तरी हसत होता, आणि त्याच्याबरोबर आणखी एक जण.

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. चिमीने जपून, दोन्ही हातांनी ट्रे धरून, पाहुण्यांसाठीच्या काचेच्या पेल्यातून मला पाणी आणून दिलं. मला इतका राग आला होता की पेल्याची कड दातांवर वाजत होती. तरी मी सगळं पाणी प्यायलो, पेला ट्रेमध्ये ठेवला, तिला थँक्यू म्हणालो आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.