चार क्रमांकांचा एक माणूस

एका दात्याचे वीर्य दहापेक्षा अधिक कुटुंबांना देऊ नये, असे कायद्याने ठरवले होते. हेतू उदात्त होता. दवाखान्याने त्याचा मान असा राखला, की अकरावे कुटुंब दारात येताच दात्याला नवा क्रमांक दिला, उंची अर्ध्या इंचाने वाढवली आणि छंदाच्या रकान्यात बुद्धिबळाऐवजी पोहणे लिहिले. अशा रीतीने एका क्रेनचालकाचे कागदोपत्री चार पुरुष झाले. वार्षिक तपासणीचा शेरा कधी बदलला नाही : नोंदी समाधानकारक.

त्या क्रेनचालकाची स्वतःची अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावर धावता धावता कोसळली आणि उठली नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. दोष बापाकडून आला होता. वेळीच तपासले तर शस्त्रक्रियेने मूल वाचते, ही माहिती त्याला अंत्यसंस्कारानंतर अत्यंत सौजन्याने देण्यात आली.

दवाखान्याला लिहिलेल्या तीन पत्रांचे उत्तर आले नाही, तेव्हा तो स्वतः आला.

"माझी जेवढी पोरं असतील, त्यांच्या आयांना कळवा. एवढंच."

"भाऊ, तुम्ही सही केलीय," डॉक्टर म्हणाले. "कायद्याच्या दृष्टीने तुमचा कोणाशी संबंध नाही. बायकांचे संसार मोडायचेत का?"

"आणि पोरं मेली तर?"

"पोरं काय हो, कशानेही मरतात."

क्रेनचालकाने त्यांचे मनगट धरले, हात फायलींच्या लोखंडी कपाटाच्या उघड्या खणात घातला आणि खण कमरेने ढकलला. हाडांचा आवाज बेताचाच झाला. त्याने खण ओढला, पुन्हा ढकलला.

डॉक्टरांचा मेहुणा, म्हणजे व्यवस्थापक, आग विझवायचे नळकांडे घेऊन धावला. पहिल्या फटक्यात क्रेनचालकाचा कान फाटून लोंबला. त्याने मेहुण्याची मान पकडून तोंड टेबलाच्या कडेवर आपटले. दोन दात परवान्याच्या चौकटीखाली जाऊन पडले.

"नोंदी!"

"जाळल्या," डॉक्टर रडत म्हणाले. "तुमचं तिसरं पत्र आलं, तेव्हाच."

दारात प्रयोगशाळेतली ताई उभी होती. "माझ्याकडे वही आहे," ती म्हणाली. "दोघी सख्ख्या बहिणींना एकच माणूस जाऊ नये म्हणून खरं लिहून ठेवायचे. चौतीस जणी आहेत."

"मग आधी का नाही बोललीस, ताई?"

"साहेबांना दुखतं का, ते एकदा बघायचं होतं."

तिने तिथूनच फोन लावायला घेतले. पहिली रडली. दुसरीच्या नवऱ्याने शिव्या घातल्या. तिसरीने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. चौथीचा फोन वाजत असताना पोलीस आले. दोघा शिपायांनी क्रेनचालकाला पालथा पाडले, फाटक्या कानावर बूट ठेवला. अधिकाऱ्याने वही उचलली.

"मारहाणीतला मुद्देमाल. सील होणार."

"साहेब, आत एकतीस पोरांचा जीव आहे. कधी सुटेल?"

"निकाल लागला की."

"म्हणजे कधी?"

"बाई, तोवर मी नोकरीत असलो तरी पुष्कळ. आणि यातली नावं गोपनीय असतात, कायदा आहे तसा. तुम्ही शिकलेल्या दिसता."

ताईने वही हिसकावली, खिडकीशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचू लागली : आईचे पूर्ण नाव, मुलाचे वय, हृदय तपासून घ्या. पुढचे नाव. शिपायाने तिचे केस धरून कपाळ चौकटीवर हाणले. तिने ओठांवर ओघळलेले रक्त थुंकले आणि पुढचे नाव वाचले. खाली गर्दी जमली. ओळखीचे नाव ऐकून कोणी फिदीफिदी हसले. "अरे, ही तर आपल्या गल्लीतली! म्हटलंच होतं, पोरगा बापावर कसा नाही गेला!"

अठराव्या नावाला भाजीची पिशवी धरलेली एक बाई थबकली. सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग तिच्या नवऱ्याकडे पाहिले. त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती पडली. तिच्या पोटात लाथ बसली. ती हातांवर रेटून उठली आणि शाळेच्या दिशेने धावत सुटली.

वर एकोणिसावे नाव सुरू झाले होते.