चिंचेनं घासलेली फ्रेम

सदाशिवरावांनी चिरेवरून नख फिरवलं आणि मग नखाकडे पाहिलं. नख स्वच्छ होतं.

"चीर ताजी आहे," ते म्हणाले. "पाडली असशील कुठेतरी."

कंपनीचे एजंट असलेल्या सदाशिवरावांच्या यवतमाळातल्या दुकानात, फरशीवर फटफटीची नुसती फ्रेम आडवी पडली होती. चाकं, टाकी, इंजिन सगळं पुसदला बळीराम मिस्त्रीकडे सुटं करून ठेवलेलं. खेमसिंग फ्रेमशेजारी उकिडवा बसला होता. त्याची बायको लालीबाई भिंतीला टेकून, ओढणीखाली लेकराला पाजत होती.

फटफटी घेऊन अजून वर्ष व्हायचं होतं. बैलांची जोडी आणि लालीबाईची गळ्यातली चांदीची हासळी तिच्यात गेली होती. रामलालशेटचे सिनेमाचे तंबू दोन, एक दिग्रसला आणि एक पुसदला; सिनेमा मात्र एकच. दिग्रसला पहिली रिळं दाखवून झाली की खेमसिंग ती डब्यांत घालून पुसदला पळवायचा. पुसदची माणसं रस्त्याकडे कान लावून बसत आणि फटफटीचा आवाज आला की शिट्ट्या मारत. त्या शिट्ट्यांवर बंजाऱ्यांच्या तांड्यातलं त्यांचं घर चाललं होतं. मग फ्रेमची हँडलखालची नळी जोडापाशी तडकली. येत्या बाजारापर्यंत फटफटी उभी राहिली नाही तर जीप लावतो, असं शेटनं सांगून टाकलं होतं.

"साहेब, पाडली नाही," खेमसिंग म्हणाला. "मिस्त्रीनं पाह्यली. चिरेत काळा जंग होता. जोड पहिल्यापासूनच कच्चा हाय म्हने. गॅरंटीत बदलून भेटन म्हने."

"मग दाखव ना जंग."

खेमसिंगनं चिरेवर अंगठा ठेवला.

जंग लालीबाईनं काढला होता. पहाटे खेमसिंग दोर आणायला गेला असताना तिनं चिंच कोळली, त्यात राख कालवली आणि फ्रेम घासायला घेतली. घरातली वस्तू परक्याच्या दारात जायची, मळकी कशी जाईल? चिरेत बोट जाईना, तेव्हा कशिद्याच्या सुईला चिंधी गुंडाळून तिनं आतली काळी घाण टोकरून टोकरून काढली. खेमसिंग आला तेव्हा ती घामानं भिजली होती आणि हसत होती. तो फ्रेमकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, चमकून राह्यली वं. बस, एवढंच. एस.टी.त सगळ्या वाटेनं तो गप्प का होता, ते तिला आत्ता कळलं.

"जंग मी घासला," ती म्हणाली.

सदाशिवराव हसले. नोकराला चहा सांगितला, एकच कप. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की कंपनी काही निर्दयी नाही. खेमसिंगनं जादा वजन लादल्यामुळे फ्रेम तुटली, असं लिहून दिलं तर ते स्वतः शब्द टाकतील आणि निम्म्या किमतीत नवी फ्रेम मिळेल. कागद त्यांनीच लिहिला. खाली सहीपुरती जागा ठेवली.

"आणि खोटं काय त्यात? तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे लादणं. बैल काय, फटफटी काय, तुम्हाला सारखंच."

खेमसिंगनं टाक उचलला.

लालीबाई त्याला आपल्या घरच्या गोरबोलीत काहीतरी बोलली, हळू आवाजात. त्यानं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं की बाजार जवळ आला आहे, शेट थांबणार नाही. ती परत बोलली. त्याचा हात थांबला, पण टाक त्यानं खाली ठेवला नाही. तेव्हा तिनं लेकराला छातीपासून सोडवलं, ओढणी सारखी केली आणि एजंटाला कळेल अशा बोलीत म्हणाली,

"माह्या आज्यानं जल्मभर बैलायवर मीठ लादलं, साहेब. कोकनातून इथवर. एका बैलाच्या पाठीले जखम होऊ देली नाही. लादाचं आमाले सांगू नका. हे फटफटी रोज काय वाहे? सिनेमाचे डबे. तेवढ्यानं मोडली तुमची फ्रेम."

"बाई, तू मध्ये बोलू नको."

"बोलन. जंग म्या घासला, माही चुकी झाली. अडान्यासारखी झाली. कबूल हाय मले. तुमी तुमची चुकी काहून कबूल करत नाही? अन् थे माह्या घरवाल्याच्या नावावर कायले लिहिता?"

सदाशिवरावांनी चहाच्या कपासाठी हात पुढे केला. चहा अजून आलाच नव्हता.

खेमसिंगनं टाक दौतीशेजारी ठेवला. "आता रामलालशेट जीप लावन," तो म्हणाला. ते तिलाही माहीत होतं. लेकरू तिनं त्याच्या मांडीवर दिलं. ओढणीच्या टोकाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि दोन्ही हातांनी फ्रेम उचलून वर घेतली. हातातले बलोये, कोपरापर्यंतच्या बांगड्या, खणखणले. दारातून निघताना लोखंड चौकटीला घासलं. ती थांबली नाही.

बाजाराच्या रस्त्यानं सायकलवाले बाजूला होत होते. कोणी हसलं, कोणी नुसतं बघत राहिलं. खेमसिंग लेकराला खांद्यावर घेऊन मागून चालला होता. मी घेतो, असं त्यानं दोनदा म्हटलं. तिनं मान हलवली नाही. डोक्यावर ओझं होतं.

स्टँडवर पुसदची गाडी लागलेली होती. टपावर सामान चढवणाऱ्या हमालानं वरूनच विचारलं, "काय हाय वं बाई हे?"

"फटफटी हाय," लालीबाई म्हणाली. "नीट बांध."