उंबऱ्यातला झाडू

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, देव आळशांचंही ऐकून घेतो. चेटकिणीची गोष्ट सांगते. भ्यायलात तर तुमचं तुम्ही बघा.

एक झाडूवाली होती, म्हणजे झाडू बांधणारी. खोलीभर झाडू टेकलेले, हनुवटीवर ठसठशीत तीळ, आणि काड्या मोजताना सतत पुटपुटणं. चेटकीण ठरायला आणखी काय लागतं?

पलीकडच्या गल्लीत तिच्या सुनेला मुलगी झाली. बाळंतिणीपाशी सुनेची आई राहायला आली होती. तिने ठरवूनच टाकलं, ही पुटपुटणारी विहीण बाळाला हात लावणार नाही. सून म्हणाली, अगं, त्यांचा नातीसाठी जीव तुटतोय. आई म्हणाली, मग परीक्षा होऊ दे. दारात आडवा झाडू टाकला की चेटकीण ओलांडत नाही, काड्या मोजत बसते, असं तिने आजीकडून ऐकलं होतं.

सकाळी उंबऱ्यात झाडू आडवा पडला. झाडूवाली आली, हात साबणाने घासघासून लाल केलेले. आत बाळ रडत होतं. तिने पाय उचललासुद्धा. पण खाली पाहते तो झाडूची दोरी सैल! जन्माची खोड. टेकली तिथेच, झाडू मांडीवर घेऊन त्याची दोरी सोडली आणि काड्या मोजू लागली.

सुनेच्या आईला, म्हणजे झाडूवालीच्या विहीणबाईंना, हेच हवं होतं. मागच्या दाराने धावत जाऊन त्या शेजारणींना घेऊन पुढच्या दारी हजर झाल्या. एव्हाना उंबराभर काड्या पसरल्या होत्या.

झाडूवाली मान वर न करता म्हणाली, "विहीणबाई, काड्यांवर पाय नका देऊ. थांबा जरा तिथंच."

आणि सगळ्या थांबल्या. पाय पुढे टाकायची कुणाची छाती होईना.

सून बाळाला घेऊन दाराशी आली. "आई, तूही ओलांडत नाहीस? आता मी भरवसा कुणावर ठेवायचा?"

शेजारणींनी तोंडावर हात धरले. सुनेने सासूच्या मांडीवरच्या काड्या बाजूला सारल्या आणि तिथे बाळ ठेवलं.

"घ्या. आता हिची बोटं मोजा."

झाडूवाली पुटपुटू लागली. पोर रडायची थांबली.

विहीणबाई मागच्या दाराने घरात शिरल्या. दुपारी झाडू पुन्हा बांधताना दोरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

आता देवापुढे बसाल तेव्हा झाडूवालीसाठी काही मागू नका, तिची मांडी भरली. आठवण ठेवा ती विहीणबाईंची. बिचारी नातीपायीच भ्यायली होती.