घरं – लागली तर

अमृताने सोमाटण्याच्या चौकात स्कूटी लावली आणि हेल्मेट न काढताच रस्ता ओलांडून फलकाखाली जाऊन उभी राहिली. चाळीस फूट रुंद फलकावर तिचेच चित्र होते. कापणीला आलेली भातखाचरे, मागे वडिवळे धरणाचे पाणी, त्यामागे डोंगर. वर सोनेरी अक्षरांत प्लॉटच्या प्रकल्पाची जाहिरात आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'चित्र : अमृता ओव्हाळ'. तिच्या वस्तीची अकरा घरे तेवढी चित्रात नव्हती.

सकाळी विक्कीने, तिच्या धाकट्या भावाने, कामावर जाताना कंपनीच्या बसमधून फोटो पाठवला होता. खाली एवढेच लिहिले होते : 'ताई, आपुन कुटंय ह्याच्यात?' त्या वेळी ती कामशेतच्या खोलीवर तिसरीच्या पुस्तकासाठी बैलगाडी काढत होती. चाकाच्या आऱ्या अर्धवट टाकून ती निघाली.

आता ती पुसल्याची खूण शोधत होती. या धंद्यात अकरा वर्षे काढल्यावर परका हात लगेच ओळखू येतो. रंग फासलेला असतो, किंवा गवताचा एकच झुपका चार ठिकाणी चिकटवलेला असतो. तशी खूण सापडली की काय बोलायचे, ते तिने वाटेत ठरवूनही ठेवले होते. पण खूण नव्हती. यशोधरामावशीचे दार जिथे असायला हवे होते, तिथे गवत होते. शेंड्याला पिवळे पडत चाललेले, पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याने एका बाजूला कललेले. तिने ते बराच वेळ पाहिले. गवत तिचेच होते.

तिचा राग त्यामुळे कमी झाला नाही. उलट तो कुठे ठेवायचा ते कळेना, आणि पाऊण तासाच्या रस्त्यात तो वाढतच गेला.

प्रकल्पाचे ऑफिस तुंगार्लीत, तलावाच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात होते. प्रसिद्धीचे काम सार्थक नावाचा तळेगावचा तरुण पाहत असे. तो दुपारी येईपर्यंत ती बाहेरच थांबली. त्याच्या टेबलावर माहितीपुस्तिकेची कच्ची प्रत होती. संध्याकाळी ती छापायला जायची होती, कारण रविवारी प्रकल्पाचा सोहळा होता. अमृताने उभ्यानेच पाने उलटली. आषाढातली लावणी, कार्तिकातली कापणी, पौषातले धुके, चैत्रात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची राबभाजणी. चारही ऋतूंत घरे नव्हती.

"बसा ना मॅडम. फलक पाहिलात? सगळ्यांना तुमचंच काम आवडलंय."

"घरं कुठे आहेत?"

"कुठली घरं?"

"अकरा. आणि एक विहार, निळ्या पत्र्याचा, वर झेंडा असलेला."

"अच्छा, ती वस्ती." सार्थकने खुर्ची जरा मागे घेतली. "सरांना तिथे गर्दी वाटली. काय होतं, पुण्या-मुंबईचा माणूस शांतता बघायला येतो. त्यात झेंडा दिसला, की हे काय, ते काय, विचारत बसतो. तुम्ही समजून घ्या."

"मी त्या झेंड्याखाली वाढले. मी काय समजून घेऊ?"

त्याने तिच्याकडे पाहिले, मग पुस्तिकेवरच्या तिच्या आडनावाकडे.

"मला माहीत नव्हतं, मॅडम."

"माहीत असतं तर?"

त्याने पुस्तिका मिटली. बाहेर माळी पाइपने हिरवळीला पाणी घालत होता.

"माझ्या चित्रातलं पुसायची परवानगी कोणी दिली तुम्हाला?"

"पुसलं नाही हो. मला चित्रातलं काय कळतं?" त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "ही तुमचीच फाईल. बघा ना, काही हललंय का."

तिने पाठवली होती तशीच ती होती. संगणकावरचे चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. प्रत्येक कागदाला नाव, आणि नावाशेजारी बारीकसा डोळा. डोळा उघडा असला की तो कागद दिसतो, मिटला की दिसत नाही. आकाश, डोंगर, पाणी, खाचरं, गवत, झाडं. सगळे डोळे उघडे होते, एक सोडून.

"मी फक्त हा बंद केला," सार्थक म्हणाला.

मिटलेल्या डोळ्याशेजारी नाव होते : 'घरं – लागली तर'. तिनेच टाइप केलेले.

"मला वाटलं, तुम्हीच चॉइस ठेवलाय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

"वेगवेगळे थर सगळेच ठेवतात. कामाची पद्धत असते ती."

"हो ना. मीही तेच म्हणतोय."

"घरं परत लावा. नाहीतर माझं नाव काढा."

"घरांचं माझ्या हातात नाही. नावाचं लगेच होईल." तो मोकळा झाल्यासारखा दिसला. "तेही वेगळ्याच लेयरवर आहे."

परतताना कामशेतला ती थांबली नाही, वडिवळ्याच्या रस्त्याला लागली. हे काम आले तेव्हा कल्पनेतला ऋतू नको, खरा हवा, असे तिनेच सांगितले होते. वर्षभर ती महिन्यातून दोनदा बांधावर जाऊन बसली. पावसात कागद फुगायचा, म्हणून घरी येऊन टॅबवर काढायची. मधल्या दिवसांत दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते आणि शाळांची पुस्तके करून खोलीचे भाडे भागवायची. त्या सगळ्या वर्षात घरांबद्दल तिला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. सांगितला असता तर ती भांडली असती. कोणी न सांगताच तिने त्या कागदाला ते नाव दिले होते. आणि तेवढ्यावर न थांबता, घरांखाली जिथे कोणाची नजर जाणार नव्हती, तिथे एक अख्खी दुपार बसून गवत रंगवले होते. पातीन् पाती.

वस्तीवर ती पोचली तेव्हा चार वाजले होते. विहाराच्या मागे दोन हातांवर प्रकल्पाच्या कुंपणाचे सिमेंटचे नवे खांब रोवलेले दिसले. तार अजून ओढायची होती. अंगणात इंद्रायणी भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि शकुबाई, तिची आई, पडलेल्या लोंब्या सुपात गोळा करत होती. विक्की पहिली पाळी करून नुकताच आला होता. त्याने बूटही काढले नव्हते.

"काय म्हनला त्यो? माफी मागितली का न्हाई?"

"आदी पानी पिऊ दे तिला," शकुबाई म्हणाली.

"आये, समदी कंपनी फोटू बघतीया. म्हनं, ओव्हाळ, तुजी बहीन शिकली आन् घरच इसरली. मी म्हनलं, तिनं काढलं आसंल, त्या लोकांनी पुसलं. जेवायच्या सुट्टीत एकाच्या अंगावर गेलतो मी."

"मोठा शूर." शकुबाईने सूप खाली ठेवले. "बरंच केलं त्यानी, पुसलं त्ये. पत्र्यावर टायर, पत्र्यावर दगुड. लोकांनी येवढ्या मोठ्या पाटीवर त्ये कशाला बगायचं? व्हय गं, टायर काढलं व्हतंस का तू?"

"काढले होते."

"समदं?"

"सगळे. यशोधरामावशीच्या पत्र्यावरचा फुटका पाटासुद्धा."

शकुबाई तोंडाला पदर लावून हसली. विक्कीही हसला. अमृताच्या लक्षात आले की बोलणे इथेच थांबवले तरी चालण्यासारखे आहे. विक्कीला शिव्या द्यायला माणसे मिळाली होती, आईने गोष्ट सोडून दिली होती. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून टॅब काढला.

"त्यांनी पुसलं नाही," ती म्हणाली. "मी वेगळी ठेवली होती."

"म्हंजी?"

सांगण्यापेक्षा तिने दाखवले. चित्र उघडले, अकरा घरे, विहार, झेंडा, सगळे जागच्या जागी होते. तिने बोट टेकवले. घरे गेली. गवत वाऱ्याला कललेले राहिले. पुन्हा बोट टेकवले, घरे आली.

"पुन्यांदा कर," शकुबाई म्हणाली.

तिने केले.

"पुन्यांदा."

तिसऱ्या वेळी घरे परत आली तेव्हा विक्की वाकून कडेचे नाव वाचत होता. त्याने ते मोठ्याने वाचले. मग सरळ उभा राहिला.

"लागली तर," तो म्हणाला. "कुनाला, ताई?"

तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक गाठ सुटेना, तशी त्याने ती हिसक्याने तोडली. आत गेला नाही. तिच्याकडे पाठ करून तिथेच बसून राहिला.

शकुबाईने हात पदराला पुसले आणि टॅब मांडीवर घेतला.

"आता बाकीचं समदं मिटीव. आपलीच दाव."

अमृताने एकेक डोळा मिटला. आकाश गेले, डोंगर गेले, पाणी गेले. खाचरे, झाडे, शेवटी गवत. पांढऱ्या पडद्यावर अकरा घरे आणि विहार एवढेच उरले. शकुबाईने बोट काचेला लागू न देता प्रत्येकावर नेले.

"ह्यो विहार. ही यशोधरा. ह्ये रतनभाऊचं, पडवी वाढवायच्या आदीचं. ह्ये आपलं." ती बराच वेळ आपल्या दाराकडे पाहत होती. दारातला पाण्याचा पिंपसुद्धा होता, निळा, एका बाजूला चेपलेला. "लय ब्येस काढलंस. हुबेहूब."

मग तिचे बोट दारावरून खाली सरकले आणि पायरीच्या खाली, पांढऱ्यावर, थांबले.

"पर अमृता," ती म्हणाली, "ही उभी कशावर हायती?"