कपाळावर मॅजेस्टी

मी एक विमानाचं तिकीट बोलतोय. माझं पूर्ण नाव आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ त्या नावाने केला. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत छापलंय : 'मॅजेस्टी'. बरेच दिवस मी स्वतःला राजघराण्यातला समजत होतो. हसू नका. कपाळावर असलं काही घेऊन जन्माला आला असता, तर तुम्हीही तेच समजला असता.

माझा जन्म भंडाऱ्याकडच्या दिघोरी गावचा. विनोदच्या ऑनलाइन सेंटरवर ज्या प्रिंटरमधून सातबारा, पीक विम्याचे अर्ज आणि पोरांचे दाखले निघतात, त्याच प्रिंटरमधून मी निघालो. माझ्या पाठोपाठ माझं जुळं भावंड निघालं. मी हिरालालच्या नावाचा, ते त्याच्या बायकोच्या, तुळसाच्या नावाचं.

हिरालालचा डावा गुडघा वाकत नाही. नऊ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडला, पायात सळई बसली, तेव्हापासून पाय काठीसारखा ताठ. जेवायला बसतो तोही खाटेवर, पाय समोर पसरून. आणि त्याची एकुलती भाची रेणू हिचं लग्न बंगळुरात ठरलं होतं. रेणूची आई, म्हणजे हिरालालची बहीण चंद्रकांता, तिकडेच राहते, तिचा नवरा तिथल्या कारखान्यात आहे. आपल्याकडे नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. रेणूला मामा एकच. त्यामुळे हिरालालने जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, पाय कसा न्यायचा एवढाच प्रश्न होता.

खरं सांगायचं तर तो प्रश्नही सुटला होता. विनोदने महिनाभर आधी रेल्वेचं तिकीट काढून दिलं होतं, पक्कं, खालचा बर्थ. पाय पसरून झोपून जायचं. पण विनोदला हिरालालचा फार लळा. एक दिवस त्याला विमान कंपनीच्या पानावर मी दिसलो आणि त्याचं डोकं फिरलं.

"काकाजी, रेल्वेत कायले हाल करून घेता?" तो म्हणाला. "हे पाहा. तीन नावं हायेत. ओरा, प्राइड आन मॅजेस्टी. मॅजेस्टी म्हंजे राजा-महाराजाचं. पाय लांब करून जा मस्त."

"पैसे लय लागतीन न गा?" हिरालालने विचारलं.

"नाही न! ऑफर चालू हाये. तेच तं सांगून राहिलो."

राजाची गादी स्वस्तात कशी, हे कुणी विचारलं नाही. विनोदने विचारलं नाही, हिरालालने नाही, आणि मीही नाही. कौतुक ऐकताना कुणाला प्रश्न सुचतात? त्याच दिवशी खालचा बर्थ रद्द झाला. मला सांभाळायला म्हणून विनोदने लॅमिनेशन करून दिलं. दुकानात तो असाच प्रत्येक महत्त्वाचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालतो.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. तुळसाने मला देवघरात रेणूसाठी आणलेल्या कोशाच्या रेशमी साडीवर ठेवलं होतं. येणारा-जाणारा मला हातात घेऊन बघायचा. कुणीतरी म्हणालं, यावर सीट नंबर कुठं दिसत नाही. हिरालाल म्हणाला, "राजाले नंबर कायले लागते?" सगळे हसले. मीही खूश झालो. मला वाटलं, खरंच की.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाड्याच्या गाडीने आम्ही निघालो. वाटेत शहापूरला चहा झाला. चहावाल्याने हिरालालचा पाय पाहिला आणि न सांगता समोर एक स्टूल सरकवलं. त्या स्टुलाला काही नाव नव्हतं. हे मला नंतर फार आठवलं.

नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मला उलटसुलट पाहिलं. प्लॅस्टिक पाहून तिला हसू आलं, तिने ते दाबलं. मग तिने हिरालालचा पाय पाहिला आणि चेहरा बदलला.

"काका, पाय वाकत नाही का?"

"नाही न बाई. म्हणून तं मॅजेस्टी घेतली."

ती पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "काका, मॅजेस्टी हे आमचं सगळ्यात साधं भाडं आहे. यात सीट निवडता येत नाही, कंपनी देईल ती घ्यायची. प्राइडमध्ये निवडता येते. आणि पाय पसरता येतील अशा सीट ओरामध्ये."

मी ऐकत होतो. तिच्या हातातच होतो. साधं? मी? जन्मापासून ज्या नावावर मी मिरवलो, ते नाव ठेवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी सगळ्यात खालचा आहे. मला कुणीच सांगितलं नाही. मी कोण आहे हे मला एका परक्या मुलीकडून कळलं, तेही ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांच्यादेखत. असा विश्वासघात मी माझ्या वैऱ्याचाही चिंतणार नाही.

तुळसा पुढे झाली. "मंग त्याले मॅजेस्टी काहून म्हंता, बाई? साधं तं साधं म्हना न."

"नावं कंपनी ठेवते, काकू," एवढंच ती बोलली.

तिने तिच्या परीने खटपट केली, हे मी नाकारत नाही. साहेबाला बोलावलं. ओरा भरलेलं, प्राइड भरलेलं, पुढच्या रांगा भरलेल्या. दोघांना मिळालेल्या जागा मागच्या रांगेतल्या, त्याही लांब-लांब, आणि हिरालालची दोन माणसांच्या मधली. साहेबाने दोन खुर्च्या एकामागे एक, विमानात असतात तेवढ्याच अंतरावर ठेवल्या आणि हिरालालला बसून दाखवायला सांगितलं. तो बसला. पाय समोरच्या खुर्चीखाली जाईना. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून जोर लावला, कपाळावर घाम आला, पाय जाईना. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"खुर्च्यांमधल्या जायच्या-यायच्या वाटेत पाय ठेवता येत नाही, काका. नियम आहे," साहेब म्हणाला. "दोन दिवसांनी ओरामध्ये जागा आहे."

"दोन दिसानं जाऊन काय करू?" हिरालाल म्हणाला. "उद्या दहा वाजता लगन हाये."

रेल्वेने आता उद्या दहापर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. तो खालचा बर्थ कधीच दुसऱ्या कुणाला गेला होता.

हिरालालने साडीची पिशवी तुळसाच्या मांडीवर ठेवली. "तू जा."

"मी एकटी? भंडाऱ्याच्या पुढं कधी एकटी गेली का मी?"

"माहेराकडून कोनी तं दिसलं पाहिजे चंद्रकांताले. जा."

ती गेली. वळून वळून बघत गेली. माझं जुळं भावंड तिच्यासोबत गेलं. मी हिरालालच्या खिशात राहिलो, आणि त्याच भाड्याच्या गाडीने परत दिघोरीला आलो. वाटेत मला त्याने रस्त्यावर फेकलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाला तुळसाने मोबाइलवर लग्न दाखवलं. रेणू कोशाच्या साडीत दारात उभी होती. भटजी घाई करत होते. चंद्रकांता इकडेतिकडे बघत होती. शेवटी चंद्रकांताच्या कॉलनीतले कुणी एक गृहस्थ पुढे झाले, बिचारे भले असतील, आणि त्यांनी रेणूचा हात धरून तिला मांडवात नेलं. जाण्याआधी रेणू मोबाइलजवळ वाकली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मामा, पाय जास्त दुखते का?"

"नाही व बेटा," हिरालाल म्हणाला, आणि मोबाइल खाटेवर पालथा ठेवला.

चार दिवसांनी विनोद धावत आला. तो कुठल्या तरी नातलगाकडे गेला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. "काकाजी! कशी होती मॅजेस्टी?"

हिरालालने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. या पोराने जीव लावून केलं होतं सगळं. "सीट मस्त होती गा," तो म्हणाला. "मालेच बरं नाही वाटलं. मीच नाही गेलो."

मी टेबलावर पडून हे ऐकलं. माझ्यासाठी खोटं बोलणारा हा पहिला माणूस. कंपनीने तर माझ्या नावानेच खोटं बोलून घेतलं होतं.

"अरेरे," विनोद म्हणाला. "पन सीट चांगली होती न? मंग सत्यभामाबाईले बी मॅजेस्टीच काढतो. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं न, पोराकडे चालल्या. दुकानातच बसल्या हायेत."

आणि तो गेला. हिरालाल खाटेवर तसाच बसून राहिला. मी ओरडत होतो, पण कागदाचं कोण ऐकतं? मग तो उठला. काठी घेतली, मला घेतलं, आणि भर उन्हात पाय ओढत विनोदच्या दुकानापर्यंत गेला. सत्यभामाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. विनोदचं बोट बटणावर होतं.

"थांब," हिरालाल म्हणाला. मला त्याने टेबलावर आपटलं. "मी खोटं बोललो. हे सगळ्यात खालचं हाये. याच्यापायी माह्या रेणूले परक्या मानसानं मांडवात नेलं, आन मी इथं खाटेवर बसून पाहून राहिलो."

विनोद खाली बसला. तोंडाला हात लावून रडायला लागला. सत्यभामाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, कंपनीला फोन लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, "नाव नका सांगू साहेब. बाईले कुठं बसवता, ते सांगा."

आता मी विनोदच्या काउंटरवर, काचेखाली आहे. लोक तिकीट काढायला येतात तेव्हा तो माझ्यावर बोट ठेवून सगळी हकीकत सांगतो, स्वतःची चूकही लपवत नाही. माझं नाव तेवढं अजून कपाळावर तसंच आहे. तुम्हीही कधी याल. तेव्हा माझं नाव वाचू नका, पाय कुठे ठेवायचा ते विचारा. तिकीट म्हणून जन्मलो आणि माझ्या माणसाला कुठेही पोहोचवलं नाही. तुम्ही तरी वेळेवर पोहोचा.