अन्नपूर्णेला फक्त चिंच

देवदत्त आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या संगणक-चिप कारखान्यात धातूचे पातळ थर आम्लाने खरवडण्याचं काम करत असे. कोणतं आम्ल किती वेळात किती धातू खातं, हे सांगायचा त्याला पगार मिळे. त्यामुळे मार्च २०२१ च्या त्या सकाळी स्वयंपाकघरात जे घडलं, त्याला निदान अज्ञान म्हणता येणार नाही.

त्याच्या बायकोची, उर्मिलाची, आई नागपुरात कोविडने गेली होती. जाणं शक्य नव्हतं. दुपारी तेराव्याचे विधी व्हिडिओवर होणार होते आणि लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा समोर ठेवायची असं उर्मिलाने ठरवलं होतं. सुतकात पूजा नव्हती, मूर्ती काळवंडली होती.

"चिंचेनं घास," अंघोळीला जाताना ती म्हणाली. "नसेल तर व्हिनेगर. पण वेळ लागेल, थांब जरा."

चिंच संपली होती. भारतीय दुकान टाळेबंदीच्या पाच किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे होतं, आणि चिंच ही जीवनावश्यक वस्तू आहे हे रस्त्यावरच्या गार्डाला, म्हणजे तिथल्या पोलिसाला, पटवण्याइतकं इंग्रजी देवदत्तकडे नव्हतं. त्याने व्हिनेगर ओतलं. दहा मिनिटांत काळपटपणा तेवढा राखाडी झाला.

"वीक ॲसिड," तो स्वतःशीच म्हणाला, नालायक सहकाऱ्याबद्दल बोलावं तसा.

त्याची मीटिंग होती. सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत कपाटात, बाथरूमचे क्षार काढायची बाटली होती, तिच्यावर हायड्रोक्लोरिक असं लिहिलेलं होतं. त्याने ती एका उथळ वाडग्यात ओतली, मूर्ती पालथी ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला. ग्रँड होईल, तिथल्या लोकांच्या भाषेत झकास, असं त्याला वाटलं.

तो परतला तेव्हा वाडगा फसफसत होता. पितळ असं फसफसत नाही. त्याने घाईने खिडकी उघडली, चिमट्याने मूर्ती उचलली, नळाखाली धरली. पाठ अजून पिवळी होती. पुढे चेहरा नव्हता. नाकाच्या जागी खड्डा, हातातली पळी गायब, आणि आतून दिसत होता करडा, स्वस्त जस्ताचा ओतीव गोळा.

उर्मिला केस पुसत दारात उभी होती.

"हे काय केलंस?"

"वरचा मुलामा होता फक्त, उर्मी. आत जस्त. व्हिनेगरनेही हेच झालं असतं, पण कित्येक महिन्यांनी. स्ट्राँग ॲसिडला..."

"रिॲक्शनचा रेट सांगू नकोस मला."

ती खुर्चीत बसली. मूर्ती हातात घेतली आणि तिच्या पिवळ्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"लग्नात बाबा सगळ्यांना सांगत होते, भरीव पितळ आहे, शंभर वर्षं काही होत नाही. आई शेजारीच होती. गप्प. नंतर मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, हिला फक्त चिंच, आणि तीही घटकाभर." तिने मूर्ती मांडीवर ठेवली. "मला वाटलं, आईचं काहीतरी खूळ असेल."

आईला ठाऊक होतं का, हे विचारायला आता आईच नव्हती.

देवदत्तने खायचा सोडा कालवून मूर्तीला लावला, म्हणजे खड्ड्यांत उरलेलं आम्ल आणखी खाणार नाही. हे त्याला येत होतं. इतकंच येत होतं.

दुपारी फोनवर नागपूर उजळलं. गुरुजी, फोटोला हार, आणि मास्क हनुवटीवर ओढलेले सासरे, चंद्रहासराव. उर्मिलाने मूर्तीला मानेपर्यंत फुलांत बुडवलं होतं आणि पाठीची बाजू पुढे केली होती.

"काहून पाठमोरी गं? चेहरा दाखव नं तिचा. भरीव पितळ हाय, जावईबापू, म्या म्हटलं होतं नं?"

देवदत्तने राउटरची पिन काढली. हा तांत्रिक निर्णय नव्हता.

"लाव परत," उर्मिला डोळे न वळवता म्हणाली.

त्याने लावली. पडद्यावर म्हातारा अजून वाट पाहत होता.

"नेट गेलं होतं, बाबा."

"असू दे." ते जरा वेळ फुलांकडे पाहत राहिले. "तुझ्या आईले बी फोटोत चेहरा दाखवणं आवडत नव्हतं. मले हातही लावू द्यायची नाही त्या मूर्तीले. म्हणे, तुम्ही घासून घासून नासवाल." मग हळूच विचारलं, "चिंचच लावतेस नं?"

उर्मिलाने देवदत्तकडे पाहिलं. त्याच्या बोटांवर अजून सोडा होता.

"चिंचच, बाबा," ती म्हणाली. "घटकाभर."