दोन सेकंदांची ओळ

"ताई, चाचणी पडली परत. चारशे बाराव्या फेरीला," सॉफ्टवेअर तपासणारा परीक्षक म्हणाला. कशावरच विश्वास नसल्यामुळे ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत.

ताईंनी मान वर केली नाही. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्या अठरा वर्षं काम करत होत्या. चालू आभासी संगणकातून नेटवर्क कार्ड काढून टाकायची सोय त्यांचीच. पण कार्ड काढताना कधीतरी सगळंच कोसळत होतं. पाचपर्यंत दुरुस्त झालं नाही तर ती सोयच वगळू, असं साहेबांनी सकाळी बजावलं होतं.

"कार्ड काढलं, त्याची मेमरी परत दिली. मग मरतंय कोण?" शंकासुराने विचारलं.

"घर सोडलंय, पण पेपरवाल्याला सांगितलेलं नाही," ताई म्हणाल्या. "नेटवर्कवर वाटेत असलेलं माहितीचं पॅकेट जुन्याच पत्त्यावर येतंय, आणि तिथे आता भलताच भाडेकरू."

"मग मेमरी सोडण्याआधी जरा थांबायचं."

"थांबतोच आहोत. बघ, दोन सेकंद. कोडमधली तीन वर्षांपूर्वीची ओळ आहे."

"हा पराक्रम कोणाचा?"

"माझा. तेव्हा पडायचं थांबलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली."

मागून साहेब म्हणाले, "पाच सेकंद करा आणि मोकळ्या व्हा."

"मग पुढच्या वर्षी सात करावे लागतील, साहेब."

ताईंनी ती ओळ खोडली. आधी नव्या पॅकेटांना दार बंद, मग रांगेतली निकाली काढायची, मेमरी सगळ्यात शेवटी. चाचणी तिसऱ्याच फेरीला पडली.

"प्रगती आहे," शंकासुर म्हणाला.

"गप रे." त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दुपार उलटल्यावर सापडलं: कार्डाचा एक टायमर अजून चालूच होता आणि ठरावीक वेळाने सोडलेल्या मेमरीला हात घालत होता. मेमरीआधी तो थांबवला. चाचणीने पाच हजार फेऱ्या निमूटपणे पूर्ण केल्या. पाचाला वीस मिनिटं होती.

बदलासोबतच्या टिपणात त्यांनी लिहिलं, 'आधीची दुरुस्ती चुकीची होती. ती मी केली होती.'

"नुसतं 'जुना कोड' म्हणा ना, ताई. कोण विचारतंय?"

"तू विचारलंस की मघाशी."

केबिनच्या काचेमागे साहेबांनी टिपण दोनदा वाचलं आणि मंजुरी दिली. ताईंच्या पडद्यावर बदल उमटला. नव्या ओळी हिरव्या, आणि काढलेली एकच लाल, शेजारी तारीख आणि त्यांचं नाव. त्या ओळीकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पुढची तक्रार उघडली.